आडवा वायुगोळा

नर्स म्हणून मी पहिल्यांदा गावात राहायला गेले तेव्हा सरकारनं मला एक पेटी दिली होती. कात्री, चिमटे, कापूस, औषधांच्या बाटल्या असं बरंच काही तिच्यात होतं, पण गावानं लक्षात ठेवली ती एकच वस्तू. वीतभर लांबीची लाकडी नळी, एका टोकाला कर्ण्यासारखी पसरट. पसरट टोक बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि आतल्या बाळाचे ठोके ऐकायचे. गावानं तिचं नाव ठेवलं पुंगी, आणि माझं पुंगीवाली बाई.

गाव ढाणकीच्या बाजारापासून तासा-दीड तासाच्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, वाटेवर. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी विशी नुकती ओलांडलेली, लग्न न झालेली, यवतमाळला शिकून आलेली. ज्या बायकांना चार-चार, सहा-सहा लेकरं झाली होती त्यांना मी बाळंतपणाबद्दल सांगायचं, म्हणजे काय होणार हे मलाही कळत होतं. त्या पदर तोंडाला लावून खुदुखुदू हसायच्या. एकीनं सरळच विचारलं, "तुले नवरा नाही, लेकरू नाही, अन् तू आमाले शिकवून राह्यली?"

मी म्हटलं, "सुतार काय स्वतः बंडीचं चाक झालेला असतो?"

त्यावर मात्र त्या मोकळ्या हसल्या. पण तपासायला कोणी आलं नाही.

गावातल्या बायका ज्यांच्या तोंडाकडे बघून चालायच्या, त्या सरपंचांच्या घरच्या. सगळे त्यांना मोठ्याबाई म्हणत. अंगानं भरलेल्या, आवाज असा की शेतातून हाक मारली तर नदीकाठची म्हैस मान वर करायची. वय चाळिशीच्या पुढे. थोरल्या लेकाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि सुनेला दिवस गेले होते. सून सडपातळ, कमी बोलणारी, पण डोळ्यांत सतत काहीतरी मिश्कील चाललेलं. ती एकदा विहिरीवर मला हळूच म्हणाली, "बाई, माह्ये पाय सुजून राह्यले. पन आत्याबाई नाही म्हणतात तुमच्याकडे यायले."

म्हणून मी एका दुपारी पेटी घेऊन सरपंचांच्या घरी गेले. थंडीचे दिवस होते. अंगणात उन्हाला बसून पाच-सात बायका तूर निवडत होत्या. मोठ्याबाई मधोमध, सुपावर सूप पाखडत. मी सुनेला तपासायचं म्हणताच त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पोट म्हंजे काय पंचायतीचा रेडू हाये, कान लावला की बातम्या येते?"

बायकांना हसायला निमित्तच हवं होतं. मी म्हटलं, "बातम्या नाही येत, पण बाळ बरं आहे की नाही ते कळतं."

"पोट्टा का पोट्टी, थे कळते का?"

"ते नाही कळत."

"मंग कायची पुंगी!" त्या म्हणाल्या. "बरं, असं कर. आदी माह्यं ऐक. माह्या पोटात वायुगोळा हाये, दिवाळीपासून. ओवा खाल्ला, हिंग खाल्ला, हलत नाही. त्याले विचार काय म्हणते तो. त्यानं खरं सांगतलं तर सुनेले तपास."

अंगणात एकच हशा. मी म्हटलं, "चला आत. सरपंचीणबाईंना अंगणात कसं झोपवणार?"

आतल्या खोलीत बाजेवर त्या ऐसपैस आडव्या झाल्या. त्यांचा तोरा अजून तसाच होता. मी लुगडं जरा सैल केलं, पोटावर हात ठेवला आणि हात तिथंच थांबला. हात चुकला असेल म्हणून मी नळी टेकवली, डोळे मिटले, कान लावला. आधी आतड्यांची गुरगुर. मग नळी थोडी सरकवली आणि आवाज आला. उशीखाली कापडात गुंडाळून ठेवलेलं घड्याळ जसं वाजतं तसा, भराभर. मी त्यांची नाडी धरली. ती संथ चालली होती. म्हणजे तो ठोका त्यांचा नव्हता. खात्री करून घ्यावी म्हणून मी आणखी कान दाबला, तर आतून नळीला एक लाथ बसली.

मी डोळे उघडले. मोठ्याबाई माझ्याकडे बघत होत्या. आता तोरा गेला होता.

"काय म्हणते वायुगोळा?" त्यांनी विचारलं, पण आवाज म्हशीला ऐकू जाईल असा नव्हता.

"लाथा मारतोय," मी म्हटलं.

 मग त्यांनी माझं मनगट धरलं. "हळू बोल वं पोरी."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"इतकी लेकरं झाली मले, समजत नाही का? पन घरात सून पोटुशी. अन् मी बी? लोक काय म्हणतीन? आता नातू खेळवायचे दिवस माह्ये. म्हणून मीच मले सांगत होती, वायुगोळा हाये, वायुगोळा हाये." त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि पदराआडून लगेच विचारलं, "भाईर काय सांगशीन?"

बाहेर बायका दाराकडे कान लावून बसल्या असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगते, तेव्हा मला सुचलं ते शिकवणाऱ्या बाईंनी ऐकलं असतं तर त्यांनी कान पिरगाळला असता.

"वायुगोळाच आहे असं सांगते," मी म्हटलं. "पण वायुगोळा तपासायला तुम्हाला माझ्याकडे नेमानं यावं लागेल. एकट्या याल तर संशय येईल. सुनेला सोबत आणा. म्हणजे लोकांना वाटेल सुनेला तपासायला आणलं."

मोठ्याबाईंनी डोळ्यावरचा पदर खाली केला. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "लय चालू हायेस तू."

बाहेर येऊन त्यांनीच जाहीर केलं, "पुंगी खरी हाये वं बाई. वायुगोळा बरोबर सापडला."

झालं. त्या दिवसापासून सासू-सून दोघी माझ्या खोलीवर येऊ लागल्या. सून आधी तपासून घ्यायची, मग बाहेर ओट्यावर बसायची आणि सासू वायुगोळा दाखवायला आत यायची. सुनेचे पाय, डोळे, लघवी सगळं मी बघत होते. मीठ कमी करून, आराम करून सूज उतरली. दोघींना रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. मोठ्याबाईंना त्या 'गोळा विरघळायच्या गोळ्या' म्हणून.

पुढे एक भानगड झाली. मोठ्याबाई जातात म्हटल्यावर इतर बायकांनाही वायुगोळे होऊ लागले. पाय सुजलेली, अंग पांढरं पडलेली, आधीचं मूल पोटात गेलेली, सगळ्या येऊन दारात म्हणायच्या, "बाई, मले बी वायुगोळा झाला, पाह्यजा जरा." नवऱ्याला, सासूला तेच सांगून यायच्या. तपासणीला जाते म्हटलं तर घरात वाद. वायुगोळा म्हटलं तर कोणी अडवत नव्हतं. एकदा तर सत्तरीची एक आजी आली. तिला मी अगदी गंभीरपणे नळी लावली. तिचा मात्र खरंच वायू होता.

सरपंच भेटले की विचारायचे, "बाई, आमच्या घरचा गोळा काय म्हणते?"

"वाढतोय हळूहळू," मी सांगायचे. खोटं काहीच बोलत नव्हते.

असे काही आठवडे मजेत गेले. मग एका तपासणीत माझी मजा संपली. मोठ्याबाईंच्या पोटावर हात फिरवला तर खाली, जिथं डोकं लागायला हवं, तिथं पोकळी. डोकं एका कुशीला, बूड दुसऱ्या कुशीला. ठोकेही बेंबीच्या बाजूला. बाळ आडवं होतं. खूप बाळंतपणं झालेल्या बाईचं पोट सैल होतं, आणि तसं होऊ शकतं, हे मी शिकले होते. पण शिकणं वेगळं आणि आपल्या बोटांखाली ते लागणं वेगळं. दुसऱ्या वेळी सरळ होईल म्हणून वाट पाहिली. दुसऱ्या वेळीही आडवंच. आणि दिवस भरत आलेले.

पुढे कितीतरी वर्षांनी यवतमाळला माझ्या भाचीची सोनोग्राफी करताना मी शेजारी उभी होते. डॉक्टरनं पोटावर थंड मलम लावलं, यंत्र फिरवलं आणि पडद्यावर बघता बघता सांगून टाकलं: डोकं खाली आहे, वार वर आहे, पाणी ठीक आहे, वाढ बरोबर आहे. जे मी डोळे मिटून, श्वास धरून, बोटांनी चाचपून अर्धं ओळखायचे आणि उरलेल्या अर्ध्याची काळजी करत घरी जायचे, ते तिथं चहा निवायच्या आत कळलं. वार कुठं आहे हे तर मला कधीच कळायची सोय नव्हती. भिंतीवर पाटी होती, इथे मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही. मोठ्याबाईंनी त्या पाटीशीही वाद घातला असता.

पण तेव्हा माझ्याजवळ दोन हात आणि नळी एवढंच. मी मोठ्याबाईंना सरळ सांगितलं, "वायुगोळा आडवा आहे. असाच राहिला तर इथं बाळंतपण होणार नाही. बाळही जाईल आणि तुम्हीही. पुसदला जायचं, मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई आहेत तिथं."

"पुसदले? साऱ्या जगाले दाखवत?" त्या उठून बसल्या. "नाही जमत. मेली तर मेली."

"मेलात तर लोकांना कळणारच कशानं मेलात ते," मी म्हटलं. वाक्य तोंडातून गेलं आणि मीच दचकले.

तेवढ्यात दार ढकलून सून आत आली. ती ओट्यावरून सगळं ऐकत होती.

"आत्याबाई, चला पुसदले," ती म्हणाली.

मोठ्याबाई ओरडल्या, "तुले काय समजते? माह्या वायुगोळ्याचं..."

"मले पहिल्यापासून ठाऊक हाये," सून म्हणाली. "माह्या डब्यातली भाजलेली माती कोन खाऊन राह्यलं होतं? तुमाले वाटलं मी उंदरावर आळ घेईन?"

सुनेला डोहाळे मातीचे होते. चुलीत भाजलेली ढेकळं तिनं डब्यात घालून तुरीच्या कोठीमागे लपवली होती, आणि ती रोज कमी होत होती. म्हणून ती गुपचूप दुपटीनं भाजून ठेवायची. पाण्याच्या घागरीही सासूला उचलू द्यायची नाही. स्वतः उचलू शकत नव्हती म्हणून धाकट्या दिराला कामाला लावायची.

मोठ्याबाईंनी सुनेचा हात धरून तिला शेजारी बसवलं.  मग त्या मला म्हणाल्या, "बुढ्याले तू सांग. मले लाज वाटते."

सरपंच पंचायतीच्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. पारावर चार माणसं शेतीचा कार्यक्रम ऐकत होती. मी आत गेले.

"तुमच्या घरी पाळणा हलणार," मी सुरुवात केली.

"हो नं. सूनबाईचा."

"दोन."

त्यांचा चेहरा फुलला. "जुळे?"

"नाही. एक सूनबाईचं आणि एक... तुमचं."

सरपंचांनी हात लांब केला. मला वाटलं रेडिओ बंद करतात. त्यांनी तो मोठा केला. बाहेर सगळ्या गावाला कपाशीवरच्या किडीची माहिती कडाडून ऐकू येऊ लागली. त्या आवाजात ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाई, हे तुमी काय सांगून राह्यल्या? अन् मंग थो वायुगोळा?"

"तोच तो."

ते घामाघूम झाले. मग मी आडव्या बाळाचं सांगितलं, काय होऊ शकतं तेही सांगितलं. तेव्हा त्यांचा घाम वेगळा झाला. रेडिओ त्यांनी खरंच बंद केला.  "माह्या मायचं असंच झालं होतं," ते म्हणाले. "तीन दिवस."  उठले आणि दारातून हाक दिली, "बंडी जुंपा रे!"

लोकांना सांगायचं ठरलं की सूनबाईला पुसदला नेतो, सरपंचांच्या बहिणीकडे, आणि सासू सोबत जाते. बंडीनं ढाणकी, तिथून एसटी. बाजारात ओळखीची माणसं चौकशा करतील म्हणून सरपंच मुद्दाम आले नाहीत. आम्ही तिघी निघालो.

बाजाराचा दिवस होता. एसटीत मुंगी शिरायला जागा नाही. सुनेचं पोट बघून एका शेतकऱ्यानं उठून तिला जागा दिली. सुनेनं सासूकडे पाहिलं, सासूच्या कपाळावर घाम. ती म्हणाली, "मले उभं राह्यलं की बरं वाटते. आत्याबाई, तुमी बसा." आणि मोठ्याबाई बसल्या. बसाव्याच लागल्या त्यांना.

मागच्या बाकावर एक म्हातारा होता, पांढरं मुंडासं, हातात काठी. त्याला राहवलं नाही. "अवो बाई, सून पोटुशी, थे उभी अन् तुमी बसल्या? काही लाज हाये का नाही?"

मोठ्याबाईंची मान खाली. मी सुनेकडे पाहिलं; ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

"आमच्या काळी सासवा अशा नव्हत्या," म्हातारा सगळ्या गाडीला सांगू लागला. "काय धडधाकट बाई, अन् त्या पोरीले उभं केलं!" दोन-चार बायकांनी माना डोलावल्या. कंडक्टरही तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "उठा नं बाई, पहिलटकरीण दिसते थे."

मला दिसत होतं, मोठ्याबाईंची मान लाल होत चालली होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. उपयोग झाला नाही. त्या जागेवरून वळल्या आणि तो जुना आवाज, नदीकाठच्या म्हशीला ऐकू जाणारा, सगळ्या एसटीत घुमला:

"मी बी पोटुशीच हाये रे बुढ्या!"

 मग कोणीतरी खोकलं, कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळी एसटी हसली. म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवून दोन्ही हात जोडले. "चुकलं माय," तो म्हणाला, आणि स्वतः उठून त्यानं सुनेला आपली जागा दिली. मोठ्याबाई आधी रागानं फुरफुरल्या, मग त्यांनाच हसू आलं. पोट धरून हसत होत्या, आणि मी आपली, हळू हळू, असं म्हणत होते. गाडीत आमच्या गावची दोन माणसं होती, अर्ध्या वाटेत उतरून परत जाणारी. सरपंचांना जे गुपित झाकायचं होतं ते त्याच संध्याकाळी गावात पोचलं.

पुसदच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, थोड्याशा रागीट, पण हात लोण्यासारखे. त्यांनी मोठ्याबाईंचं पोट पाहिलं, मला विचारलं, "कोणी ओळखलं आडवं?" मी म्हटलं मी. त्या फक्त "हं" म्हणाल्या. मग एक तळवा डोक्यावर, दुसरा बुडावर ठेवून हळूहळू, बोलत बोलत, बाहेरूनच बाळाला फिरवलं. मी समोर उभी होते. पोटाचा आकार माझ्या डोळ्यांदेखत बदलला. दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या ठेवून पट्टा बांधला आणि मोठ्याबाईंना सांगितलं, आता पुसद सोडायचं नाही.

सरपंचांच्या बहिणीच्या घरी दोघी राहिल्या. सून आधी बाळंत झाली, मुलगी. मी रजा काढून भेटायला गेले तेव्हा मोठ्याबाईंचं तोंड जरा उतरलेलं होतं. सुनेसमोर काही बोलल्या नाहीत, मला मात्र कोपऱ्यात म्हणाल्या, "पोट्टा झाला असता तर बरं झालं असतं वं."

"तुमचा होईल," मी म्हटलं.

त्यांचीही मुलगीच झाली. डोकं खाली होतं, बाळ नीट आलं. पण नंतर मोठ्याबाईंना रक्तस्राव सुरू झाला. मी तिथं नव्हते. सुनेनं नंतर सांगितलं. डॉक्टरीणबाई पोट दाबून धरत होत्या, नर्सा धावत होत्या, इंजेक्शनं चालली होती, आणि मोठ्याबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. सून स्वतः ओली बाळंतीण, भिंतीला धरून दारात उभी. रक्त थांबलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला झोपायला पाठवलं, थोडं रागावूनच. पुढे त्या मला म्हणाल्या, "गावात असती तर राहिली नसती." त्यांनी मला चहा दिला. त्यांच्याकडून तेवढंच कौतुक मिळायचं.

दोघी गावात परतल्या ती बंडी बघायला सगळं गाव वेशीवर. सरपंच पटका बांधून उभे, चेहरा असा की आता काय हसायचं ते हसून घ्या. पण बायकांनी दोघींची आणि लेकरांची दृष्ट काढली, सरपंचांसकट.

पुढचे काही महिने त्या घरात जाणं म्हणजे करमणूकच. दोन पोरी, एक पाळणा. मोठ्याबाईंना दूध कमी आलं, तेव्हा सुनेनं आपल्या तान्ह्या नणंदेलाही पाजलं. मोठ्याबाई दुपारी नातीला मांडीवर घेऊन बसत आणि लेक सुनेच्या मांडीवर असे; कोणाची कोणती हे बाहेरच्याला कळायचं नाही. एकदा मी विचारलं, "आता नातू नको का?" त्या म्हणाल्या, "कोनत्या तोंडानं बोलू वं? सुनेले बोलली तर ते थेट मलेच लागते."

मला त्यानंतर झरी जामणीकडे बदली मिळाली, जंगलातल्या गावांत. तिथली कथा निराळी. बऱ्याच दिवसांनी ढाणकीच्या बाजारात सून भेटली, आता अंगानं भरलेली, सोबत एक मुलगा. तिनं सांगितलं, दोघी पोरी एकाच वर्षी शाळेत घातल्या. पहिल्या दिवशी गुरुजींनी विचारलं, तुम्ही दोघी बहिणी का? तर जी अंगानं बारकी, वयानं थोडी लहान, नाक वाहत असलेली, ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवून वर्गाला म्हणाली,

"मी तिची आत्या हाये. तिले मले विचारल्याशिवाय काही देऊ नका."